तारेची पोच

या, असे भिंतीला टेकून नका बसू. पुढे सरका, सतरंजी मोकळी आहे आणि माझा आवाज आता पूर्वीइतका लांब जात नाही. एक गोष्ट सांगते. एका माणसाची आणि एका तारेची शर्यत लागली होती, तिची. कुठल्या बुवांच्या आख्यानात ही तुम्ही ऐकली नसेल. हिच्यात देवही आहे, पण तो शेवटपर्यंत काही बोलत नाही. तेव्हा त्याची वाट पाहू नका.

"विश्राम, उद्या तुझी शर्यत," आगाशेसाहेब म्हणाले.

हडपसरच्या कारखान्यात आमचा कॉम्प्युटर विभाग होता, तिथे दुपारचा चहा चालला होता. विश्रामकाका गुरव नुकतेच आत आले होते. मफलर अजून कानावरच होता, आणि छातीशी धरलेली कॅनव्हासची पिशवी त्यांनी खाली ठेवली नव्हती.

"शर्यत? कुणाशी, बुवा?"

"तारेशी."

सगळे हसले. काकाही हसले, पण त्यांना काही कळलं नव्हतं.

थोडं समजावून सांगते. तेव्हाचा कॉम्प्युटर म्हणजे कपाटांची रांग. गारेगार खोली, काचेची भिंत, चपला बाहेर काढायच्या. आम्ही त्याला मोठं मशीन म्हणत असू. पिंपरीला एक बडा कारखाना होता, आम्ही त्यांना गिअर पुरवायचो. त्यांच्याकडेही असंच मोठं मशीन होतं. कुठला गिअर कधी हवा, ते त्यांचं मशीन ठरवायचं आणि टेपवर उतरवायचं. टेप म्हणजे पुरणपोळीच्या ताटाएवढं चाक. ते चाक पिशवीत घालून, लुनावर बसून, अख्खं पुणं आडवं कापत विश्रामकाका आमच्याकडे आणायचे. आमचं मशीन ते वाचायचं आणि दुसऱ्या दिवशीचं काम सुरू व्हायचं.

काकांचा एक नियम होता. मशीनच्या खोलीच्या दारात उभं राहायचं आणि हातात पोच पडल्याशिवाय टेप सोडायची नाही. पोच म्हणजे 'मिळाली' एवढंच लिहिलेला, शिक्का मारलेला कागदाचा तुकडा. एकदा मी थट्टेने म्हटलं होतं, "काका, माझ्यावर भरवसा नाही होय?" तर म्हणाले, "तुझ्यावर आहे गं हेमाताई. माझ्यावर नाही. टेप दिली की मला वाटायला लागतं, दिली का खरंच? पोच खिशात असली की झोप लागते."

आता त्यांचा हा हेलपाटा संपणार होता. टेलिफोनची एक तार खास भाड्याने घेऊन पिंपरीचं मशीन आणि आमचं मशीन जोडलं होतं. इकडची फाइल तिकडे, तिकडची इकडे, माणूस नको की लुना नको. दुसऱ्या दिवशी उद्घाटन होतं. पिंपरीचे डायरेक्टर येणार होते, आमचे मालक येणार होते, पेढे सांगितले होते.

"नीट ऐक," आगाशेसाहेब म्हणाले. "उद्या पिंपरीहून फाइल तारेवरून सुटेल, आणि त्याच क्षणी तू तीच फाइल टेपवर घेऊन सुटायचंस. पाहुण्यांना जरा गंमत. ज्याची पोच आधी, तो कायम."

काकांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "कायम? म्हणजे कंपनीत?"

"मग काय देवळात? कंपनीत. डिस्पॅचला."

"आणि मी हरलो तर?"

"तर तार कायम!" आगाशेसाहेबांनी हात पसरले. "दोघांना ठेवून कंपनी काय करील बाबा?"

पुन्हा हशा झाला. कायम या शब्दाची गंमत कुणाला वाटणार नाही, ते मला ठाऊक होतं. काका कित्येक वर्षं रोजावर होते. त्यांच्या बायकोला, अनसूयावहिनींना, दम्याचा त्रास होता. देवळाच्या पायऱ्या चढताना त्या मध्येच बसायच्या आणि श्वास गोळा करायच्या. कायम माणसांच्या घरच्यांना कंपनीचा दवाखाना मिळायचा, डॉक्टर मिळायचा, थंडीत ऑक्सिजन मिळायचा. रोजावरच्यांना पेढा मिळायचा.

काका पुढे झाले. "बुवा, थट्टेत नाही ना म्हणत? शब्द फिरवायचा नाही हं."

"अरे, मी कीर्तनाला उभा राहणारा माणूस," आगाशेसाहेब म्हणाले. "मी शब्द फिरवीन?"

आता बुवा का, तेही सांगायला हवं. मधुसूदन आगाशे ऑफिसात आमचे साहेब आणि गावातल्या विठ्ठलाच्या देवळात दर एकादशीला बुवा. काय गोड गळा होता हो! पूर्वरंगात नुसता आलाप घेतला तरी बायका पदर डोळ्यांना लावायच्या. मी त्यांच्याच कीर्तनाला जाऊन जाऊन त्यांच्या ओळखीची झाले आणि त्यांनीच मला नोकरीला लावलं. विश्रामकाका त्यांच्या मागे टाळ धरायचे, ध्रुपद उचलायचे. बुवांचा स्वर जिथे थकायचा तिथून काकांचा सुरू व्हायचा, आणि ऐकणाऱ्याला सांधा कळायचा नाही. ऑफिसात सगळे 'साहेब' म्हणत. बुवा म्हणणारे एकटे काका.

काकांनी पिशवी खाली ठेवली, वाकून त्यांच्या पायाला हात लावला. "उद्या एकादशी आहे, बुवा. दिवस चांगला धरलात."

दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनला झेंडूच्या माळा घातल्या. नारळ बाहेर व्हरांड्यात फोडला, कारण आत पाण्याचा थेंब नको. आगाशेसाहेब कोटावर उपरणं घेऊन आले होते. पाहुणे काचेच्या पलीकडे खुर्च्यांवर बसले. मी आतल्या पडद्यासमोर बसले होते, माझ्या बाजूला सहकारी काळसेकर होता.

पिंपरीहून फोन आला, "विश्राम निघाला. फाइल सोडली."

तारेच्या पेटीने शीळ घातली आणि पडद्यावर आकडे सरकायला लागले. पाहुण्यांनी टाळ्या दिल्या.

आगाशेसाहेब समजावून सांगायला लागले, आणि समजावणं त्यांच्याइतकं कुणाला जमायचं! "पाहा, तिकडचं मशीन फाइलचा एक गठ्ठा पाठवतं. इकडचं म्हणतं, मिळाला. मग पुढचा गठ्ठा. असं करत करत शेवटी इकडून अख्ख्या फाइलची पोच जाते, आणि इथे पडद्यावर लिहून येतं. दोन कंपन्या, दोन मशीनं, मध्ये माणूस नाही!"

"त्या तुमच्या मोपेडवाल्याचं काय?" डायरेक्टरांनी विचारलं.

"तो येईल की मागाहून, धापा टाकत! त्याच्यासाठी हार आणून ठेवलाय."

मी हाराकडे पाहिलं. टेबलावर होता खरा. मशीनला घालून उरलेला.

पण तार हळू होती. इतकी हळू, की चहा आला, कप परत गेले, पेढे फिरले, आणि पडद्यावरचे आकडे निम्म्यावरही गेले नव्हते. टेलिफोनच्या तारेतून एवढी मोठी फाइल म्हणजे नळीने विहीर उपसण्यासारखं. आधी चाचणी घेतली होती ती चिमूटभर फाइलवर, आणि आज मिरवायचं म्हणून पिंपरीच्या लोकांनी अख्खी सोडली होती. आगाशेसाहेब बोलत राहिले. एक विनोद त्यांनी दोनदा सांगितला.

तेवढ्यात माझ्या टेबलावरचा फोन वाजला. फाटकावरचा वॉचमन खुडे होता.

"मॅडम, विश्राम आलाय. आत सोडू ना?"

मला इतका आनंद झाला! "साहेब, विश्रामकाका पोचले!"

आगाशेसाहेबांनी माझ्या हातातून फोन घेतला, पाहुण्यांकडे पाठ केली. "खुडे, त्याला तिथेच बसव. मी सांगेपर्यंत आत सोडायचं नाही. आणि हे बघ, टेप मागू नको, देणार नाही तो." फोन ठेवून माझ्याकडे पाहून हसले. "कार्यक्रमात माणूस वेळेवर आला पाहिजे. आधी आला तरी घोटाळा."

"पण साहेब, शर्यत..."

"पडद्याकडे लक्ष दे."

दिलं. आणि माझ्या डोळ्यांदेखत आकडे थांबले. शीळ तुटली. पेटीवरचा हिरवा दिवा विझला.

"साहेब, तार पडली," मी म्हणाले.

"हळू बोल."

काळसेकरने पिंपरीला फोन लावला. तिकडचेही म्हणाले, पडली. पुन्हा जोडायची तर पहिल्या गठ्ठ्यापासून सुरुवात. काचेपलीकडे डायरेक्टर घड्याळाकडे पाहत होते. आगाशेसाहेबांनी उपरण्याने कपाळ पुसलं, फोन घेतला आणि तिकडच्या माणसाला सांगितलं, "कुणाला काही बोलू नका. मी सांभाळतो." मग पाहुण्यांकडे हात जोडून, "जरा कागद आणतो, शेवटचा टप्पा आलाय," म्हणाले आणि मागच्या दाराने बाहेर गेले.

खिडकीतून फाटक दिसायचं. विश्रामकाका स्टुलावर बसले होते, पिशवी मांडीवर. बुवांना येताना पाहून उठले. बुवांनी हात पुढे केला. काकांनी पिशवी आणखी घट्ट धरली. बुवा बोलले काहीतरी, मग डोळे मिटून दोन्ही हात जोडले, कीर्तनाच्या सुरुवातीला नमन करताना जोडायचे तसे. आणि काकांनी पिशवी उघडली. टेप बाहेर काढली. बुवांच्या हातात दिली.

काकांच्या हातात काही पडलं नाही.

आगाशेसाहेब उपरण्याखाली टेप घेऊन मागच्या दाराने आत आले. काळसेकरला म्हणाले, "लाव. छाप."

काळसेकरने माझ्याकडे पाहिलं आणि टेप लावली.

मला राहवलं नाही. "साहेब, ही विश्रामकाकांची टेप आहे. मग पोच त्यांची आधी."

त्यांचा चेहरा मी तसा कधी पाहिला नव्हता. आवाज मात्र गोडच राहिला. "हेमा, तुला काही पोच आहे की नाही गं? पाहुणे समोर बसलेत. चार माणसांत काय बोलावं याची पोच माणसाला असावी लागते. जा, बाहेर जा. तुझं इथलं काम झालं."

मी चपला घातल्या, वाटेत चहाचा एक कप उचलला आणि फाटकावर गेले.

विश्रामकाकांच्या कपाळावर धूळ आणि घाम यांचा लेप झाला होता. पायजम्याची एक बाजू गुडघ्यावर फाटलेली.

"काय झालं हो?"

"बंडगार्डनच्या पुलावर घसरली लुना. मी टेप वर धरली." त्यांनी दोन्ही हात डोक्यावर धरून दाखवले. "मी पडलो, ती नाही पडली. तार कुठवर आली?"

"काका, तार..."

"थांब, आधी सांगू नको. आधी बुवांना पोच आणू दे." ते चहा प्यायले. "पहिल्यांदाच पोच न घेता दिली बघ. देणारच नव्हतो. बुवा म्हणाले, विश्राम, शिक्का आत आहे, मारून आणतो, विठ्ठल साक्षीला आहे. मग काय करणार? त्यांच्यापुढे पोच मागायची म्हणजे देवळात जाऊन देवाला ओळखपत्र विचारण्यासारखं."

खुडे हसला. "गुरव, पेढे घेऊन ये रे उद्या फाटकावर."

"उद्या कशाला? आज संध्याकाळी देवळातच ये. आमच्या हिने नारळ आणून ठेवलाय." मग हळूच मला म्हणाले, "काल रात्रीच सांगून बसलो तिला. कायम होणार म्हणून. सांगायला नको होतं ना?"

"काका, ऐका. तार पडलीय. तुमची टेप लावलीय मशीनला."

त्यांनी कप खाली ठेवला. "लावली? चालली? मध्ये कुठे अडकली नाही ना? पडलो तेव्हा धक्का बसला असेल."

"चालली."

"मग झालं की!"

तेवढ्यात आतून टाळ्या ऐकू आल्या. मोठ्या, खूप वेळ चाललेल्या. काका उभे राहिले. मफलर काढून तोंड पुसलं, टोपी सरळ केली, फाटलेला गुडघा दुसऱ्या पायामागे लपवून पाहिला.

"माझ्यासाठीच गं," ते म्हणाले.

मी काही बोलायच्या आत खुडेचा फोन वाजला. "गुरव, जा. बोलावलंय."

ते जवळजवळ धावतच गेले. मी मागोमाग.

व्हरांड्यात सगळे उभे होते. डायरेक्टरांच्या हातात छापलेल्या कागदांची लांबलचक घडी होती, नुकती मशीनमधून निघालेली. काका चपला काढून दारात थांबले, त्यांच्या रोजच्या जागी.

"आले, आले! आपले वायुवेगी गडी आले!" आगाशेसाहेब म्हणाले. पाहुणे हसले. "विश्राम, बघ, तारेने फाइल आणली, छापूनही झाली, साहेबांच्या हातात पडली, आणि तू आत्ता येतोयस? वाटेत चहाला थांबलास की काय?"

काका पाहत राहिले. आधी कागदांकडे. मग बुवांकडे. मग काचेतून आत, जिथे त्यांची टेप अजून मशीनवर होती.

"बुवा, मी तर मघाच पोचलो होतो."

"पोचलास रे! कोण नाही म्हणतंय? पण शर्यत कशाची होती? ज्याची पोच आधी, त्याची. दाखव बरं तुझी पोच."

काकांचा हात आपोआप खिशाकडे गेला. रोजची सवय. खिशात बोटं घातली आणि तिथेच ठेवली.

"तू पोचलास, पण पोच तारेची!" आगाशेसाहेब म्हणाले, आणि व्हरांडाभर हशा उसळला. डायरेक्टर म्हणाले, "क्या बात है, आगाशे!" मालकांनी तो उरलेला हार उचलला आणि काकांच्या गळ्यात घातला. कुणीतरी फोटो काढला.

"साहेब, हे खोटं आहे," मी म्हणाले. "ही टेप..."

काकांनी माझ्याकडे न बघता हात आडवा केला. "हेमाताई, राहू दे."

"पण काका..."

"राहू दे म्हटलं ना."

डायरेक्टरांनी विचारलं, "काय म्हणतेय ही?" आगाशेसाहेब म्हणाले, "काही नाही, जीव आहे तिचा त्याच्यावर. लेकीसारखी आहे." आणि सगळ्यांना जेवायला घेऊन गेले.

सायकलींच्या शेडमध्ये मी त्यांना गाठलं. लुनाचं चाक पायात धरून ते वाकलेलं हॅन्डल सरळ करत होते. हार अजून गळ्यातच.

"का गप्प केलंत मला? खरं तेच सांगत होते ना मी?"

"सांगून काय झालं असतं? बुवांना एवढ्या मोठ्या माणसांसमोर मान खाली घालावी लागली असती."

"घालू दे की! त्यांनी तुमची..."

"आणि संध्याकाळी?" काकांनी हॅन्डल सोडलं. "संध्याकाळी ते पुढे उभे राहणार, मी मागे. ज्याला मी सकाळी उघडं पाडलं त्याच्या मागे टाळ कसा धरू? आणि ते तरी तोंडाने देवाचं नाव कसं घेतील? एकादशी मोडेल गं."

"आणि कायम व्हायचं ते? वहिनींचं काय?"

त्यांनी गळ्यातला हार काढला, कुठे ठेवावा ते सुचेना, शेवटी लुनाच्या आरशाला अडकवला. "टेप चांगली चालली ना पण? एकही जागा खराब नव्हती?"

"नव्हती."

"मग ठीक आहे," ते म्हणाले. लुना ढकलत फाटकाबाहेर गेले. सुरू होत नव्हती.

संध्याकाळी कीर्तनाला जाऊ नये असं वाटत होतं. पण एकादशीला घरी बसणं मला जमत नाही, आजही जमत नाही. गेले. देऊळ भरलं होतं. काका बुवांच्या मागे उभे होते, गुडघ्याला हळद लावून वर धोतर नेसलेलं. अनसूयावहिनी बायकांच्या रांगेत माझ्या शेजारी बसल्या होत्या. मांडीवर नारळ, मुठीत कागदाची पुडी.

"हेमा, हे काही बोलतच नाहीत गं," त्या कानात म्हणाल्या. "दुपारी आले, नुसते पडून राहिले. मी विचारलं, झालं का? तर म्हणाले, संध्याकाळी बोलू. आनंदाने असं होतं का गं माणसाचं?"

मी समोर बोट दाखवलं. बुवांनी आलाप घेतला होता.

आणि काय सांगू तुम्हाला, बुवा त्या दिवशी असे गायले! नामाचा महिमा हा विषय. पूर्वरंगात अंगावर काटा आला माझ्या. मला त्यांचा राग होता आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं, दोन्ही एकाच वेळी. स्वर थकला तिथून काकांनी उचलला, आणि सांधा कळला नाही.

मग बुवा थांबले, उपरणं सारखं केलं. दृष्टांत सांगायचा असला की ते असे थांबायचे.

"मंडळी, आज आमच्या कारखान्यात एक गंमत झाली. एक होती तार आणि एक होता गडी. निरोप दोघांकडे एकच. तार कशी? जागची हलत नाही, धावत नाही, धापा टाकत नाही. आणि गडी? पाठीवर ओझं, बुडाखाली फटफट, गावभर धुरळा! सांगा, आधी कोण पोचलं?"

"तार!" लोक म्हणाले.

"तार! आणि गडी पोचला कधी? पेढे संपल्यावर!" हशा. "पायजमा फाटलेला, टोपी वाकडी, आणि म्हणतो कसा..." इथे बुवांनी खांदे पाडले, पिशवी छातीशी धरल्यासारखे हात केले, आणि काकांचा आवाज काढला. हुबेहूब. "'बुवा, मी आधी आलो होतो! बुवा, मी आधी आलो होतो!'"

देऊळ खदखदून हसलं. पोरं हसली, म्हातारी माणसं हसली. अनसूयावहिनी पदर तोंडाला लावून हसत होत्या. हसता हसता त्यांना ढास लागली, मी पाठीवरून हात फिरवला. "कोण गं तो वेडा?" त्यांनी विचारलं.

"मंडळी, नाम आहे तारेसारखं," बुवा म्हणाले. "जागेवर बसून घ्या, पोचतं. देहाला धावडवणारा फाटकावरच बसतो!"

आणि ध्रुपद सुरू झालं. काकांचा टाळ एका मात्रेनेही चुकला नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते देवाकडे पाहत होते.

कीर्तन संपलं. लोक बुवांच्या पाया पडायला रांगेत उभे राहिले. अनसूयावहिनी उठल्या. मी त्यांचा हात धरला, "वहिनी, थांबा जरा, घरी जाऊ, मी सांगते." पण त्यांनी हात सोडवून घेतला. पदर डोक्यावर ओढला आणि बुवांच्या पुढ्यात नारळ ठेवला.

"बुवा, तुमचे उपकार कसे फेडू? तुम्ही होतात म्हणून हे कायम झाले."

मागे काका टाळ पिशवीत घालत होते. हात थांबले.

बुवांनी वहिनींकडे पाहिलं, काकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. आता देवासमोर तरी हा माणूस खरं बोलेल. बुवांनी नारळ उचलून विठ्ठलाच्या पायांशी ठेवला, मागे वळून वहिनींच्या डोक्यावर हात ठेवला आणि कीर्तनातला तोच गोड आवाज लावून म्हणाले, "वहिनी, देवाने ऐकलं. उद्यापासून विश्रामला देवाच्या सेवेला भरपूर वेळ मिळेल."

"तुमच्या तोंडात साखर पडो, बुवा!" वहिनींनी मुठीतली पुडी उघडली. "खडीसाखर आहे. उपासाला चालते."

बुवांनी एक खडा घेतला आणि चोखत पुढच्या माणसाकडे वळले.

पुढचं फार नाही. वहिनींना खरं कधी कळलं, कुणी सांगितलं, मला ठाऊक नाही. काका काही दिवस रोजच्या वेळेला लुना घेऊन घराबाहेर पडत होते, एवढं शेजारी सांगत. वहिनी त्या थंडीत गेल्या. त्यानंतर काका हडपसर सोडून कुठे गेले, कुणी म्हणतं सासवडला, कुणी म्हणतं बहिणीकडे. मी ती नोकरी सोडली. आगाशेबुवा मोठे झाले, गावोगाव कीर्तनं केली. तारेचा दृष्टांत त्यांचा फार गाजला, लोक मागून घ्यायचे म्हणे.

मी कीर्तन सोडलं नाही. कसं सोडणार? माझा देव तिथेच आहे. पण एक मागणं आहे तुमच्याकडे. आता आरती होईल, तुम्ही हात जोडाल, आपल्या माणसांसाठी काही ना काही मागाल. त्यात एक नाव आणखी घ्या. विश्राम तुकाराम गुरव. एवढंच म्हणा, की तो आधी आला होता.